समोसा आणि सोफा

अमेरिकेतल्या कुठल्याही मोठ्या विद्यापीठाची वेबसाइट उघडा आणि ‘मल्टिकल्चरल सेंटर’ शोधा. पहिला फोटो कसा असेल, हे मी न बघता सांगते. चार-पाच वेगवेगळ्या वर्णांचे चेहरे, मागे कागदी झेंड्यांची माळ, एकीच्या अंगावर साडी, एकाच्या डोक्यावर रुंद काठाची मेक्सिकन टोपी, पुढे टेबलावर अ‍ॅल्युमिनियमचे ट्रे. ट्रेमध्ये समोसे असण्याची शक्यता दाट. सगळे हसतायत. खाली एक ओळ, की इथे प्रत्येकाला घरच्यासारखं वाटतं.

आपल्याकडे कॉलेजात ज्यांनी ‘ट्रॅडिशनल डे’ साजरा केलाय, त्यांना हा फोटो ओळखीचा वाटेल. नऊवारी, फेटा, नथ, भाड्याने आणलेला कोळ्याचा ड्रेस, दिवसभर रील्स आणि दुसऱ्या दिवशी सगळे परत जीन्समध्ये.

फोटो खोटा नसतो. तो कार्यक्रम खरंच होतो, समोसे खरंच संपतात. पण अशा सेंटरमध्ये वर्षभर जे चालतं त्याचा तो अगदी छोटा भाग आहे. माझ्या मते सगळ्यात कमी महत्त्वाचा. मी अमेरिकेच्या मिडवेस्ट भागातल्या एका सरकारी विद्यापीठात मास्टर्स करत असताना तिथल्या मल्टिकल्चरल सेंटरच्या फ्रंट डेस्कवर दोन वर्षं काम केलं. त्यामुळे जे लिहितेय ते थोडं आतून आहे आणि थोडं नंतर वाचून, विचार करून.

माझं म्हणणं असं : ही सेंटर्स उभी राहिली ती मदतीसाठी. ओळखली जाऊ लागली समारंभांमुळे. आणि गेल्या काही वर्षांत त्यांच्यावर गदा आली तेव्हा समारंभ तगले, मदत गेली. हा क्रम आपोआप घडलेला नाही. विद्यापीठं काय मोजतात आणि काय मोजत नाहीत, याच्याशी त्याचा जवळचा संबंध आहे.

खोली कुणी फुकट दिली नव्हती

गोष्ट तशी जुनी आहे. १९०९ साली न्यूयॉर्कमध्ये हॅरी एडमंड्स नावाच्या एका तरुणाने कोलंबिया विद्यापीठाच्या लायब्ररीच्या पायऱ्यांवर एका चिनी विद्यार्थ्याला सहज ‘गुड मॉर्निंग’ म्हटलं. तो विद्यार्थी थांबला आणि म्हणाला की, या शहरात येऊन तीन आठवडे झाले, पण माझ्याशी आपणहून बोललेले तुम्ही पहिलेच. एडमंड्सने मग परदेशी विद्यार्थ्यांना रविवारी घरी जेवायला बोलवायला सुरुवात केली, त्यातून क्लब उभा राहिला आणि १९२४ मध्ये रॉकफेलरच्या पैशातून न्यूयॉर्कचं ‘इंटरनॅशनल हाउस’. ते आजही आहे.

या काळातल्या कोलंबियाशी आपला एक थेट धागा आहे. १९१३ मध्ये बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन बाबासाहेब आंबेडकर तिथे पोचले. आधी ते हार्टले हॉल या वसतिगृहात उतरले. थोड्याच दिवसांत तिथून कॉस्मोपॉलिटन क्लबमध्ये राहायला गेले, कारण तिथे काही भारतीय विद्यार्थी राहत होते. पुढे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी मित्रासोबत राहिले, आणि ती मैत्री जन्मभर टिकली. कोलंबियातल्या आंबेडकरांबद्दल बोलताना आपण त्यांचे प्राध्यापक आणि त्यांचं अफाट वाचन यांबद्दल बोलतो. पण नव्या देशात पाय टेकवताना त्यांनीही आधी राहायला बरी जागा आणि बोलायला माणूस शोधला होता. अभ्यास त्यानंतरचा.

हे क्लब मुख्यतः परदेशी मुलांसाठी होते. त्याच देशात जन्मून विद्यापीठात परक्यासारखी वागणूक मिळणाऱ्या मुलांचा प्रश्न वेगळा होता आणि तो चहापाण्याने सुटणारा नव्हता. तो पेटला १९६८ मध्ये.

२० मे १९६८ रोजी सिएटलच्या युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमध्ये ब्लॅक स्टुडंट युनियनच्या मुलामुलींनी अध्यक्ष चार्ल्स ओडेगार्ड यांच्या कार्यालयात ठाण मांडलं. मागण्या अगदी रोखठोक होत्या. कृष्णवर्णीय, मूळनिवासी आणि मेक्सिकन वंशाची मुलं या विद्यापीठात इतकी कमी का? त्यांना शोधून आणा, प्रवेश द्या, आल्यावर टिकतील अशी सोय करा, अभ्यासक्रमात त्यांचा इतिहास आणा. काही तासांत विद्यापीठाने मागण्या मान्य केल्या. १९७० मध्ये सॅम्युअल केली हे तिथले अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या कामासाठी नेमलेले पहिले उपाध्यक्ष झाले.

१९६८ मध्येच ६ नोव्हेंबरला सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजात संप सुरू झाला, तो जवळजवळ पाच महिने चालला. तिथले नवे अध्यक्ष एस. आय. हायाकावा हे भाषेचे अभ्यासक. त्यांनी मुलांच्या गाडीवर चढून लाउडस्पीकरच्या वायरी उपटल्या. ज्याने आयुष्यभर शब्दांच्या अर्थावर लिहिलं, त्याने समोरच्यांचा आवाजच बंद केला. तरीही संप संपला तेव्हा मुलांच्या हाती वंश आणि समाजांच्या अभ्यासासाठीचा स्वतंत्र विभाग आला होता.

सिएटलमधल्या घडामोडींचा क्रम बघण्यासारखा आहे. आधी प्रवेश. मग शिकवणी आणि समुपदेशन. मग पैशांची मदत. आणि याच सगळ्याच्या जोडीला, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला, एथ्निक कल्चरल सेंटरची इमारत. तिच्या भिंतींवर त्या त्या समाजाची मोठाली चित्रं रंगवली गेली. २०१३ मध्ये जुनी इमारत जाऊन नवी आली, तिला केलींचं नाव दिलं गेलं आणि जुनी भित्तिचित्रं जपून नव्या इमारतीत आणली गेली. ती नुसती सजावट असती तर कुणी एवढी खटपट केली नसती. ती चित्रं म्हणजे त्या जागेचा सातबारा होता.

म्हणून ‘कल्चरल’ या शब्दाचा तेव्हाचा अर्थ लक्षात ठेवायला हवा. ‘आमचं नृत्य बघा’ असं ती मुलं सांगत नव्हती. त्यांचं सांगणं होतं, की आम्ही इथे आहोत, आम्हाला बसायला जागा द्या आणि पदवी हातात पडेपर्यंत आमच्यासोबत कुणीतरी उभं राहा.

मंगळवारी दुपारी

आता पन्नासएक वर्षं पुढे या.

माझं डेस्कवरचं काम साधं होतं. प्रिंटरमध्ये कागद भरायचा, खोल्यांच्या चाव्या द्यायच्या, कार्ड स्वाइप करणाऱ्यांची नोंद ठेवायची. एफ-१ व्हिसावर सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला वीसच तास काम करता येतं, त्यातले माझे बरेचसे तास या डेस्कमागे गेले. समोर एक मोठा, बसून बसून खड्डा पडलेला सोफा. बाजूला मायक्रोवेव्ह आणि फ्रिज. फ्रिजमधल्या डब्यांवर चिकटपट्टीवर लिहिलेली नावं. हॉस्टेलच्या किचनमध्ये मी भेंडीची भाजी गरम केली की कुणीतरी न बोलता खिडकी उघडायचं. इथे कुणी मान वळवत नसे. फार तर कुणीतरी विचारायचं, ‘उरलीय का?’

मंगळवार दुपार म्हणजे शांत वेळ. कार्यक्रम नसतो, पाहुणे नसतात. त्या वेळी कोण यायचं? एक ह्मोंग मुलगी यायची. तिच्या आईवडिलांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, त्यामुळे सरकारी आर्थिक मदतीचा स्वतःचा फॉर्म आणि धाकट्या भावाचाही ती सोफ्यावर बसून भरायची. एक कृष्णवर्णीय मुलगा यायचा, घरातला कॉलेजात आलेला पहिला. क्लासमध्ये ग्रुप पाडताना आपण नेहमी शेवटी का उरतो, हे तो एकदा इतक्या सहज बोलला की मला उत्तर सुचलं नाही. एक नायजेरियन पीएचडीवाला दोन लेक्चरच्या मधे तिथे वीस मिनिटं झोपायचा. झोपायला आलोय हे त्याला कुणाला समजावून सांगावं लागत नसे.

एका मंगळवारी मराठवाड्यातला एक मुलगा आला. त्याच्या शैक्षणिक कर्जाचा हप्ता भारतातल्या बँकेत कुठल्याशा सहीसाठी अडकला होता. फी भरली गेली नव्हती म्हणून अकाउंटवर ‘होल्ड’ लागला होता. होल्ड असला की पुढच्या सेमिस्टरचे विषय घेता येत नाहीत. ठरलेले किमान विषय घेतले नाहीत तर पूर्णवेळ विद्यार्थी हा दर्जा जातो, आणि तो गेला की व्हिसा धोक्यात. म्हणजे लातूर की नांदेडच्या एका शाखेतल्या एका न झालेल्या सहीमुळे या मुलाला देश सोडावा लागला असता. तो तीन खिडक्यांवर जाऊन आला होता. तिन्हीकडे त्याला वेबसाइट बघायला सांगितलं होतं.

सेंटरमधल्या सल्लागार बाईंनी त्याला सोफ्यावर बसवलं आणि फोन उचलला. अकाउंट्स ऑफिसमध्ये कुणाशी बोलायचं, हे त्यांना नावानिशी ठाऊक होतं. मग परदेशी विद्यार्थ्यांच्या ऑफिसला फोन. मग अडीअडचणीच्या वेळी मिळणाऱ्या छोट्या कर्जाचा अर्ज, तो तिथेच भरून घेतला. मग बँकेसाठी एक पत्र. सगळं मिळून चाळीसेक मिनिटं. तो उठला तेव्हा होल्ड काही दिवसांपुरता निघाला होता. जाताना त्याने मला मराठीत विचारलं, ‘या बाईंना काय द्यायचं असतं?’ मी म्हटलं, काही नाही, त्यांचं कामच आहे. त्याला ते पटलं नाही. तिन्ही खिडक्यांवरच्या लोकांचंही तेच काम होतं ना!

सेमिस्टरच्या शेवटी अहवाल तयार करायचा होता. दिवाळीच्या कार्यक्रमाला चारशेच्या वर लोक आले होते. फोटो होते, विद्यापीठाच्या इन्स्टाग्रामवर पोस्ट होती, कुलगुरूंच्या ऑफिसमधून कुणी येऊन पणती लावून गेलं होतं. अहवालाच्या पहिल्या पानावर ते आलं. त्या मंगळवारची नोंद सिस्टीममध्ये अशी होती : भेट १, उद्देश ‘इतर’. कारण यादीत ‘अभ्यास’, ‘बैठक’, ‘कार्यक्रम’ आणि ‘इतर’ एवढेच पर्याय होते.

या यादीत माझ्या सगळ्या टीकेचं मूळ आहे. ‘एका मुलाचं शिक्षण वाचलं’ असा रकाना कुठल्याच अहवालात नसतो.

बुटीकमधली संस्कृती

अमेरिकन समीक्षक स्टॅन्ली फिश यांनी १९९७ मध्ये एका निबंधात ‘बुटीक मल्टिकल्चरॅलिझम’ असा शब्द वापरला. बुटीकमध्ये आपण हौसेने शिरतो, आवडेल ते उचलतो, उरलेल्याकडे बघतही नाही. तशीच काही माणसं दुसऱ्याचं जेवण, संगीत, सण आवडीने घेतात. पण त्या माणसाच्या श्रद्धा किंवा मागण्या आपल्या सवयींना धक्का देऊ लागल्या की तिथे थांबतात. फिश यांचं पुढचं विवेचन मला सगळं पटत नाही, पण हा शब्द चपखल आहे. समोसा चालतो. ‘दिवाळीच्या दिवशी मिडटर्म ठेवू नका’ म्हटलं की चेहरे बदलतात.

सारा अहमद यांनी २०१२ मध्ये ‘ऑन बीइंग इन्क्लुडेड’ हे पुस्तक लिहिलं. विद्यापीठांमध्ये विविधतेचं काम करणाऱ्या लोकांशी बोलून त्यांनी दाखवलं, की संस्था जेव्हा धोरणाचा कागद काढते, तेव्हा बऱ्याचदा तो कागदच काम झाल्याचा पुरावा बनतो. धोरण आहे, म्हणजे प्रश्न नाही. आणि जो प्रश्न दाखवून देतो, तोच हळूहळू सगळ्यांना प्रश्न वाटू लागतो. डेस्कमागे बसून मी हे रोज बघत होते. कुणी ‘आमच्या विभागात असं घडतं’ असं सांगायला आलं की उत्तर यायचं, ‘पण आपण तर सांस्कृतिक महिना इतका छान साजरा केला.’

हा सोस किती टोकाला जाऊ शकतो, याचं एक गाजलेलं उदाहरण २००० सालचं. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मॅडिसन कॅम्पसने प्रवेशासाठीच्या पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर फुटबॉल सामन्यातल्या प्रेक्षकांचा फोटो छापला. त्या गोऱ्या गर्दीत एक कृष्णवर्णीय विद्यार्थीही आनंदाने ओरडताना दिसत होता. तो त्या सामन्याला गेलाच नव्हता. त्याचा चेहरा दुसऱ्या फोटोतून कापून तिथे चिकटवला होता. बाहेर बोभाटा झाल्यावर विद्यापीठाला माफी मागावी लागली. विविधता हवी, पण फोटोपुरती. त्यासाठी खऱ्या मुलाला बोलवायचीही गरज नाही, इथपर्यंत ही गोष्ट पोचली होती.

मी समारंभांच्या विरोधात नाही. परदेशात पहिल्या वर्षी दिवाळीच्या रात्री कुणीतरी फराळाची प्लेट हातात ठेवतं तेव्हा काय होतं, ते ज्याला झालंय त्यालाच कळतं. पण समारंभ ही विद्यापीठाला सगळ्यात परवडणारी गोष्ट आहे. नऊ वाजता संपतो. माणसं मोजता येतात. फोटो मिळतो. आणि राबतं कोण? तीच आठ-दहा मुलं, जी परीक्षा तोंडावर असताना पोस्टर चिकटवत असतात, खुर्च्या मांडत असतात, नाचतही तीच असतात. त्यांच्या श्रमातून विद्यापीठाचं माहितीपत्रक सजतं. सल्लागार बाईंचा पगार मात्र दर वर्षी बजेटमध्ये पुन्हा सिद्ध करावा लागतो.

‘साउथ एशियन’ नावाचा एकच डबा

आणखी एक गोष्ट आहे आणि ती आपल्याशी थेट संबंधित आहे. २०२३-२४ या वर्षात अमेरिकेत ३ लाख ३१ हजारांहून जास्त भारतीय विद्यार्थी होते. परदेशी विद्यार्थ्यांच्या संख्येत भारताने त्या वर्षी चीनला मागे टाकलं. एवढ्या मुलांना सेंटरच्या फॉर्मवर मिळणारा रकाना एकच : ‘एशियन’, फार तर ‘साउथ एशियन’. त्या रकान्यात सगळे सारखे.

आपण सारखे नाही, हे आपल्याला पक्कं माहीत असतं. मराठी मुलांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नवा मुलगा आला की दोन मिनिटांत ‘आडनाव काय?’ हा प्रश्न येतो. विचारणारा म्हणतो, सहजच विचारलं. ज्याला विचारलं त्याला तो सहज वाटत नाही. सेंटरमधल्या कुणाही अमेरिकन कर्मचाऱ्याला या प्रश्नातली खोच दिसणं शक्य नव्हतं. त्यांच्या प्रशिक्षणात वंश होता, धर्म होता, लिंग होतं, जात नव्हती. रूममेट शोधताना, गणपतीची वर्गणी काढताना, जेवणाच्या गप्पांत जे घडायचं ते त्यांच्या लेखी ‘त्या मुलांचं आपसातलं’ होतं.

हे बदललं ते दलित विद्यार्थी आणि त्यांच्या संघटनांनी लावून धरल्यामुळे. डिसेंबर २०१९ मध्ये ब्रँडाइस विद्यापीठाने भेदभावविरोधी धोरणात जातीचा उल्लेख केला. जानेवारी २०२२ मध्ये कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीने आपल्या सगळ्या कॅम्पसेससाठी तेच केलं. फेब्रुवारी २०२३ मध्ये जातीवरून भेदभाव करायला कायद्याने बंदी घालणारं सिएटल हे अमेरिकेतलं पहिलं शहर ठरलं. तो ठराव आणणाऱ्या नगरसेविका क्षमा सावंत पुण्यात जन्मलेल्या आणि मुंबईत वाढलेल्या. त्याच वर्षी कॅलिफोर्निया राज्यात तसा कायदा विधिमंडळात मंजूर झाला, पण गव्हर्नर गेव्हिन न्यूसम यांनी त्यावर सही केली नाही.

आमच्या सेंटरमध्ये एका १४ एप्रिलला दोघांनी छोटी खोली मागितली. सात जण आले. बॅनर नव्हता, जेवण नव्हतं, एका लॅपटॉपवर बाबासाहेबांचा फोटो होता. दार लावून ते दोन तास बोलत बसले. निघताना एक जण म्हणाला की, या गावात दोन वर्षं झाली, आज पहिल्यांदा पूर्ण नाव सांगून बोललो. अहवालात याची नोंद ‘उपस्थिती ७’ अशी झाली. माझ्या दोन वर्षांत त्या सेंटरने केलेल्या सगळ्यात चांगल्या कामांपैकी ते एक होतं, आणि त्यासाठी सेंटरने फक्त एक चावी दिली होती. दाराला कडी असलेली, कुणी ‘काय चाललंय’ न विचारणारी खोली! १९६८ च्या मुलांनीही हेच मागितलं होतं.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. अशा सेंटर्समुळे मुलं आपापले कंपू करून बसतात, एकमेकांत मिसळत नाहीत. आक्षेप अगदीच टाकाऊ नाही. काही मुलं खरंच चार वर्षं त्या सोफ्याच्या पलीकडे जात नाहीत. मानसशास्त्रज्ञ बेव्हर्ली डॅनियल टेटम यांचं १९९७ चं पुस्तक या प्रश्नावरच आहे. कृष्णवर्णीय मुलं कॅन्टीनमध्ये एकत्र का बसतात, हेच त्याचं शीर्षक. त्यांचं उत्तर थोडक्यात असं, की बाहेर जो ताण पडतो तो समजू शकणाऱ्या सोबत्यांकडे माणूस आधी वळतो, आणि स्वतःची ओळख घडण्याचा तो एक टप्पा असतो. मी जे पाहिलं ते याला धरूनच होतं. ज्यांना बसायला हक्काचा कोपरा मिळाला, तीच मुलं पुढे विद्यार्थी परिषदेच्या निवडणुकीला उभी राहिली. आणि ‘कंपू’ हा शब्द श्रीमंत गोऱ्या मुलांच्या फ्रॅटर्निटी हाउसेससाठी कुणी वापरताना मी ऐकलं नाही. त्यांच्या कोपऱ्याला तर चार मजले होते.

कायदा आला तेव्हा

जून २०२३ मध्ये टेक्सासच्या गव्हर्नरांनी ‘सिनेट बिल १७’ या विधेयकावर सही केली. राज्यातल्या सरकारी विद्यापीठांमध्ये विविधता आणि समावेशनाचं काम करणारी कार्यालयं बंद करणारा हा कायदा १ जानेवारी २०२४ पासून लागू झाला. ऑस्टिनच्या युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सासचं मल्टिकल्चरल एंगेजमेंट सेंटर त्याच वेळी बंद झालं. कागदपत्रं नसलेल्या स्थलांतरित विद्यार्थ्यांना मदत करणारा ‘मोनार्क’ हा उपक्रमही गेला. एप्रिलमध्ये विद्यापीठाने आणखी एक अख्खा विभाग बंद केला आणि साठच्या आसपास लोकांच्या नोकऱ्या गेल्याच्या बातम्या आल्या.

पण या कायद्यातल्या सवलती बघा. वर्गातलं शिकवणं आणि संशोधन यांना हात लावलेला नाही. विद्यार्थ्यांच्या नोंदणीकृत संघटनांनाही नाही. म्हणजे मुलांनी आपापल्या क्लबतर्फे दिवाळी करावी, नाचावं, समोसे वाटावेत, हरकत नाही. गेलं काय? ऑफिस गेलं. पगारी माणूस गेला. ज्याला अकाउंट्समधल्या कुणाचं नाव ठाऊक होतं, तो फोन गेला. कृष्णवर्णीय आणि लॅटिनो विद्यार्थ्यांच्या पदवीदान सोहळ्यांना विद्यापीठाचा पैसा मिळेना, तेव्हा मुलांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी पदरमोड करून ते केले. सोहळा वर्गणी काढून करता येतो. वर्षभराचा सल्लागार वर्गणीवर ठेवता येत नाही.

युटा राज्यात तर ही फाळणी आणखी स्पष्ट झाली. तिथला कायदा १ जुलै २०२४ पासून लागू झाला. युनिव्हर्सिटी ऑफ युटाने महिलांसाठीचं आणि एलजीबीटी विद्यार्थ्यांसाठीचं केंद्र बंद केलं आणि कामाची वाटणी नव्याने केली. सांस्कृतिक उपक्रमांचं दार वेगळं, विद्यार्थ्यांना मदत देण्याचं दार वेगळं. कागदावर हे नीटनेटकं दिसतं. मदत तर सगळ्यांनाच मिळायला हवी, मग वेगळं सेंटर कशाला? पण तो मराठवाड्यातला मुलगा आधी सगळ्यांसाठीच्या तीन खिडक्यांवर जाऊन आला होता. तो सेंटरमध्ये आला, कारण त्याच सोफ्यावर त्याने आधी कधीतरी मित्रांसोबत डबा खाल्ला होता. जिथे माणूस डबा खातो, तिथेच तो अडचण सांगतो. सण आणि मदत एका छताखाली असण्याचा फायदा हा होता. समोशासाठी आलेला मुलगा पुढे कधीतरी सोफ्यावर बसायचा.

ही सेंटर्स समारंभांमुळे बंद पडली, असं माझं म्हणणं नाही. ती राजकीय सत्तेने बंद केली, आणि कितीही उत्तम चाललेली असती तरी ती वाचली असती असं नाही. पण ती बंद होताना बाहेर जो वाद झाला त्यात बहुतेकांना त्यांची एवढीच ओळख होती : झेंडे, नाच, खाणं. अशा गोष्टीसाठी करदात्यांचा पैसा कशाला, हा प्रश्न विचारणं मग सोपं झालं. वर्षानुवर्षं विद्यापीठांनी आणि काही अंशी सेंटर चालवणाऱ्यांनीही दर्शनी पानावर तेच ठेवलं होतं. ‘भेट १, उद्देश इतर’ अशा हजारो नोंदी कुणी उलगडून सांगितल्याच नाहीत. ज्यांचं काम झालं ती मुलं पदवी घेऊन निघून गेली. ती सभागृहात साक्ष द्यायला कुठून येणार!

विचारायचे प्रश्न

हे वाचणाऱ्यांपैकी काही जण पुढच्या एक-दोन वर्षांत बाहेर शिकायला जातील. कॉलेज निवडताना रँकिंग बघाल, फी बघाल, स्कॉलरशिप बघाल. मल्टिकल्चरल सेंटरचं पान उघडलंत तर फोटोवर थांबू नका. एक मेल टाका आणि विचारा : सेमिस्टर चालू असताना दुपारी तिथे पगारी माणूस असतो का? किती वर्षं तीच व्यक्ती आहे? अडीअडचणीला छोटं कर्ज किंवा अनुदान मिळतं का, आणि ते मिळायला किती दिवस लागतात? सुट्ट्यांमध्ये हॉस्टेल बंद झालं तर कुठे जायचं, हे कुणी सांगतं का? भेदभावविरोधी धोरणात जातीचा उल्लेख आहे का? कुणाला न सांगता खोली वापरता येते का?

उत्तर काय येतं हे महत्त्वाचं आहेच. पण ते कोण देतं, हेही बघा. खाली एखाद्या माणसाचं नाव आणि फोन नंबर असेल, तर तिथे बहुधा सोफा आहे. कार्यक्रमांच्या कॅलेंडरची लिंक आली, तर समोसे नक्की मिळतील.